गावच्या घरातला डीव्हीआर नेटला जोडताना

ऑक्टोबरपासून माझ्या मोबाईलमधल्या कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये एकच शब्द दिसत होता, ऑफलाईन. गावचं घर राजापूर तालुक्यात, मी ठाण्याला, घरी आई-बाबा दोघंच, आणि चार कॅमेरे लावून दोन वर्षं झालेली. कॅमेरे चोरांसाठी लावलेत असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं कारण म्हणजे बाबा दोनदा मागच्या पायरीवरून पडले आणि दोन्ही वेळा फोनवर "काय नाय, सगळं बरं आहे" म्हणाले, आणि मला कळलं ते शेजारच्या काकीकडून, ते पण चार दिवसांनी.

तर झालं असं की परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज पडली. नेमकी कुठे पडली कोणालाच माहीत नाही पण आमचा राऊटर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आणि शेजाऱ्यांचा विहिरीवरचा पंप हे तिन्ही एका फटक्यात गेले. नेटवाल्याने आठवड्याभराने नवीन राऊटर आणून लावला, आईचा व्हिडिओ कॉल परत सुरू झाला, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवून नेटवर पाठवणारा डबा) मात्र ऑफलाईन तो ऑफलाईनच. कॅमेरे ज्याने बसवले त्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला, डीव्हीआर गेला साहेब, नवीन घ्यावा लागेल, सात हजारात बसवून देतो. मी म्हटलं अहो टीव्हीवर चारही कॅमेरे दिसतायत, रेकॉर्डिंग पण होतंय. तर म्हणे हो, पण नेटचा भाग उडाला असणार. आता हे अगदीच थाप नव्हती, विजेने नुसता लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल घालायचं भोक, जातो आणि बाकी मशीन धडधाकट राहतं असं खरंच होतं, म्हणून मी पण पाच महिने तेच धरून बसलो होतो. नशीब पैसे नाही दिले.

शिमग्याला चार दिवस घरी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो की यावेळी बघायचंच. बॅगेत एक क्रिम्पिंगचा (कनेक्टर दाबून बसवायचा) पक्कड, वीस-पंचवीस आरजे-४५ कनेक्टर (लॅन केबलच्या टोकाच्या पिना), दोन-अडीचशे रुपयेवाला केबल टेस्टर आणि एक मीटरभर तयार लॅन केबल. आईने बॅग उघडली आणि म्हणाली, हे काय आणलंस, मला वाटलं साड्या.

आमच्या घराची रचना सांगायला पाहिजे म्हणजे पुढचं कळेल. राऊटर पुढे ओटीवर, कारण फायबरची वायर खांबावरून तिथेच येते. डीव्हीआर माजघराच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती, जुन्या, चांगल्या दीड फुटी. वायफाय ओटीवरून माजघरात येतानाच धाप टाकतं आणि मागच्या खोलीत पोचतच नाही, म्हणून मग त्या बसवणाऱ्याने माळ्यावरून वीसेक मीटर लॅन केबल टाकली होती. डीव्हीआरला तसंही स्वतःचं वायफाय नव्हतंच, मागे एक लॅनचं भोक, चार कॅमेऱ्यांच्या पिना, एचडीएमआय, दोन यूएसबी, बस.

पहिला अर्धा दिवस पासवर्डमध्ये गेला. माऊस सापडेना, मग माझ्या लॅपटॉपचा लावला. बसवणाऱ्याने पासवर्ड बाबांना सांगितला होता आणि बाबांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहिला होता, आणि ते कॅलेंडर होतं दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे एव्हाना आईच्या डब्यांच्या फळीवर अंथरलेलं. डबे खाली काढले. मेथीच्या डब्याखाली सापडला. पण तोवर मी अंदाजाने पाच वेळा चुकीचा टाकून झाला होता आणि मशीनने अर्ध्या तासासाठी कुलूप लावलं. तेवढ्यात पालखी आली म्हणून सगळं टाकून अंगणात गेलो ते संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी डीव्हीआरच्या मागे टॉर्च मारून बघितलं. लॅन केबल घातलेली होती पण भोकाशेजारचे दोन बारीक दिवे पूर्ण मेलेले. केबल धड असेल आणि दोन्ही बाजूची मशीनं चालू असतील तर त्यातला एक दिवा पेटलेला राहतो आणि एक लुकलुकतो, ते बघायला टीव्ही लागत नाही की पासवर्ड लागत नाही. पाच महिने फोनवर आईला एवढंच विचारलं असतं की मागे दिवा पेटतोय का, तरी अर्धं काम झालं असतं. मला सुचलंच नाही.

दिवा नाही म्हणजे तीन शक्यता, राऊटरचा पोर्ट, मधली केबल किंवा डीव्हीआरचा पोर्ट. मग डीव्हीआर उचलून ओटीवर नेला. नेण्याआधी कॅमेऱ्यांच्या चारही पिनांना चिकटपट्टी लावून त्यावर १ २ ३ ४ लिहिलं (हे करा, नाहीतर नंतर गोठ्याचं चित्र गेटच्या नावाखाली दिसतं), १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, ती मीटरभर तयार केबल राऊटरमधून थेट डीव्हीआरमध्ये घातली आणि टचकन हिरवा दिवा. म्हणजे सात हजारवाला पोर्ट एकदम ठणठणीत. मी ओरडलोच. बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, काय झालं, साप आला काय.

मग माळा. केबलच्या दोन टोकांना टेस्टरचे दोन तुकडे लावले, त्यात १ ते ८ आकडे एकामागून एक पेटतात, आमच्याकडे १ पेटला, २ पेटला, ३ ला अंधार, मग ४ पासून ८ पर्यंत सगळे. आठातली एकच तार तुटलेली, पण १०० एमबीपीएसला ज्या चार तारा लागतात त्या १, २, ३ आणि ६, म्हणजे तुटायची नेमकी कामाचीच तुटली, ७ किंवा ८ तुटली असती तर कळलंही नसतं. उंदराने कौलाच्या वाशापाशी कुरतडलेलं होतं, आतली पांढरी-हिरवी तार उघडी पडून तुटली होती. आणि तार कापून बघतो तर वरून तांबूस आणि आत पांढरट, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तांब्याच्या भावात विकतात हे. अशी तार दोनदा वाकवली की मोडते, त्यात कोकणातली खारी दमट हवा. त्या दिवशी राजापूरला जाऊन चांगली केबल आणायची तर शिमग्यात निम्मी दुकानं बंद, म्हणून मग कुरतडलेला भाग तोडून केबल वाशावरून न नेता दरवाजाच्या चौकटीवरून जवळच्या वाटेने घेतली, ती बरोबर पुरली, आणि उरलेली लांबी अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपात घातली, आता उंदराने पाईप कुरतडावा.

कनेक्टर मारणं हे मोबाईलवर बघताना फार सोपं दिसतं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, असे आठही रंग ओळीत सरळ करून, एका रेषेत कापून, पिनेत शेवटपर्यंत ढकलून मग दाबायचं. माझे पहिले तीन वाया गेले. एकदा निळा आणि हिरवा उलटा, एकदा तारा टोकापर्यंत गेल्याच नाहीत आणि एकदा सगळं बरोबर पण पिनच उलटी धरलेली. बाबा स्टूलावर बसून टॉर्च धरून रंग वाचत होते, चौथ्यांदा त्यांनीच मोठ्याने क्रम म्हटला, पाढे म्हटल्यासारखा, आणि मी नुसता हात चालवला. टेस्टरवर १ ते ८ सगळे पेटले. डीव्हीआर परत कपाटावर, केबल लावली, दिवा आला, आई म्हणाली आता जेवायला चला.

जेवून ॲप उघडलं. ऑफलाईन.

इथून पुढची गंमत खरी. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्कचं पान उघडलं तर तिथे आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.१.१०८, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटर) १९२.१६८.१.१, आणि डीएचसीपीची (राऊटरकडून आपोआप पत्ता घ्यायची) टिक काढलेली. म्हणजे बसवणाऱ्याने पत्ता हाताने पक्का करून ठेवला होता. लॅपटॉपवर बघितलं तर नवीन राऊटर स्वतः १९२.१६८.०.१ होता. जुना राऊटर १ च्या घरातला आणि नवा ० च्या घरातला, आणि डीव्हीआर बिचारा पाच महिने अशा गेटवेला हाका मारतोय जो केव्हाच जळून भंगारात गेलाय.

आमचे बाबा पोस्टात होते. ३५ वर्षं टपाल वाटलं, त्यातली वीसेक वर्षं पायी, वाड्या-वाड्यांतून. त्यांनी विचारलं काय अडलं, मी म्हटलं पत्त्याचा घोळ आहे, आणि तो कागदावर काढून दाखवला. मी समजवायला तोंड उघडणार तोच म्हणाले, "म्हणजे पहिले तीन आकडे वाडी आणि शेवटचा घर नंबर. वाडी बदलली, ह्याच्या उंबऱ्यावर जुन्या वाडीचीच पाटी. ह्याला कोण टपाल देणार?" मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस, मला हे सबनेटचं प्रकरण कळायला एक सेमिस्टर लागलं होतं.

डीएचसीपीला टिक मारली, सेव्ह केलं, पत्ता आला १९२.१६८.०.१०४. लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारली, उत्तर आलं. घरातल्या घरात लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला तर लॉगिनचं पान पण उघडलं. आणि ॲपमध्ये? तरीही ऑफलाईन. डीव्हीआरच्या पीटूपीच्या (मोबाईलच्या ॲपशी गाठ घालणाऱ्या सोयीच्या) पानावर पण स्टेटस ऑफलाईन.

इथे माझी मती भरकटली आणि दुसरा दिवस मी त्यात घालवला. एका जुन्या व्हिडिओत बघितलं की राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, ३७७७७ नंबरचा पोर्ट (हे केबलचं भोक नव्हे, राऊटरमधला आकड्याचा दरवाजा) डीव्हीआरकडे वळवा, मग बाहेरून घरच्या आयपीवर थेट जाता येतं. सगळं केलं. चालेना. दोनदा राऊटर रिस्टार्ट, आईची मालिका बंद पडली, शिव्या खाल्ल्या. शेवटी राऊटरच्या स्टेटसच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला तर तो सुरू होत होता १००.७२ ने. हा पत्ता बघितल्यावर डोक्यावर हात मारला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते नेट कंपन्यांनी आतल्या आत वापरायचे असतात, इंटरनेटवर ते कोणाचेच नसतात. जगात आयपीव्ही४ पत्ते संपत आले म्हणून कंपनी शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता वापरते, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राऊटरचा दरवाजा तुम्ही कितीही उघडा ठेवा, बाहेरच्या इमारतीचा दरवाजा कंपनीकडे, आणि तो तुमच्यासाठी उघडत नाही.

हे बाबांना सांगितलं तर त्यांना एकदम मुंबईतल्या गावकीच्या खोल्या आठवल्या. एका खोलीत गावचे वीस-वीस चाकरमानी, सगळ्यांचा पत्ता एकच, आणि गावाहून पत्र गेलं आणि आत नाव नीट नसलं की ते पत्र कोणाचं यावर खोलीत भांडण. म्हणाले, "मग पहिलं पत्र खोलीतून यायला पाहिजे. त्याने धाडलं की मागे उत्तर जातं." आणि पीटूपी नेमकं हेच करतं. डीव्हीआर आतून आपणहून तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून ठेवतो, मी अमुक नंबरचा, इथे आहे. मोबाईल पण त्याच सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. पोर्ट उघडायची गरजच नाही.

खरं सांगायचं तर पोर्ट उघडला नाही हे बरंच झालं. २०१६ मध्ये मिराई नावाचं जे प्रकरण झालं ते अशाच डीव्हीआर, कॅमेरे आणि राऊटरमुळे, लोकांनी कारखान्यातून आलेला युजरनेम-पासवर्ड तसाच ठेवला होता, त्या ठरलेल्या जोड्यांची यादी घेऊन हा प्रोग्रॅम इंटरनेटभर दारं ठोठावत फिरला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या कामाला लावलेल्या यंत्रांनी डाईन (Dyn) नावाच्या डीएनएस, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर असा मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे काही तास धड उघडेनात. आणि आमचा मेथीच्या डब्याखालचा पासवर्ड काय होता ते इथे लिहीत नाही, पण तुम्ही तिसऱ्या प्रयत्नात ओळखाल. तो बदलला, पोर्ट फॉरवर्डिंगचं सगळं पुसलं, आणि डीव्हीआरमध्ये यूपीएनपी चालू होतं ते पण बंद केलं, कारण ते चालू असलं की मशीन राऊटरला सांगून आपलं आपण दार उघडून घेतं.

पण मग पीटूपी ऑफलाईन का, हा प्रश्न होताच. रात्री साडेदहाला परत तेच नेटवर्कचं पान उघडून एकेक ओळ बोट लावून वाचली आणि सगळ्यात खाली, डीएचसीपीची टिक मारली तरी न बदललेली एक ओळ, डीएनएस १९२.१६८.१.१. तोच मेलेला राऊटर! पत्ता नवा घेतला, गेटवे नवा घेतला, पण सर्व्हरच्या नावाचा नंबर विचारायला हा अजून जुन्यालाच जात होता. मला सगळं दिसत होतं कारण मी थेट आकड्याने पिंग करत होतो, आणि डीव्हीआरला कंपनीचा सर्व्हर माहीत होता तो नावाने. पहिला डीएनएस १९२.१६८.०.१ केला, दुसरा गूगलचा ८.८.८.८, सेव्ह, आणि मिनिटभरात स्टेटसच्या जागी ऑनलाईन. बाबा झोपले होते. सकाळी सांगितलं तर म्हणाले, "नुसतं नाव लिहिलेलं पाकीट आलं की घर ते कोण सांगायचं? मीच ना. माणूस रिटायर झाला आणि त्याच्या जागी कोणी दिलाच नाही, तसं झालं हे."

पत्ता परत डीएचसीपीवर सोडला नाही. राऊटर १०० ते १९९ मधले पत्ते वाटतो, म्हणून डीव्हीआरला त्याच्या बाहेरचा १९२.१६८.०.२०० हाताने दिला, आणि हे सगळे आकडे एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कॅलेंडरवर नाही. पासवर्ड त्या कागदावर नाही, तो आईच्या पोथीत.

उरलेल्या गोष्टी पटापट झाल्या. घड्याळ १७ मिनिटं मागे होतं, एनटीपी (नेटवरून आपोआप वेळ लावून घेणं) चालू करून टाईम झोन जीएमटी+५:३० केला, कारण उद्या खरंच काही घडलं आणि पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर त्यावरची वेळ चुकीची असून कसं चालेल. मोबाईलवर चारही कॅमेरे एकदम उघडले की चित्र अडकायचं, ते मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण क्वालिटीचं चित्र, लागलेली म्हणून. एका कॅमेऱ्याला २०४८ केबीपीएस, चार मिळून ८ एमबीपीएस अपलोड, आणि गावच्या नेटला संध्याकाळी एवढं जमत नाही. मोबाईलसाठी सबस्ट्रीम ठेवली, ३५२ बाय २८८, चित्र पुसट पण माणूस ओळखू येतो, आणि रेकॉर्डिंग पूर्ण क्वालिटीचंच राहतं. ते रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला साधारण १ एमबी, दिवसाला ८६ जीबी, आमच्या १ टीबीच्या डिस्कमध्ये अकरा दिवस जेमतेम. बसवणारा महिनाभर राहतं म्हणाला होता.

निघायच्या आदल्या रात्री मी मोशनची (हालचाल दिसली की येणारी) नोटिफिकेशन चालू करून झोपलो. सकाळी उठून बघतो तर १४३. गेटवर एवढं कोण आलं? उघडून बघितलं तर प्रत्येक चित्रात एक भलामोठा पांढरा आठ पायांचा राक्षस. कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (अंधारात बघायच्या) दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी, तो पार काचेवरच बसतो म्हणून एवढा मोठा आणि पांढराफटक दिसतो. आईने लांब केरसुणीने ते काढलं, आता दर शनिवारी काढते, आणि मी सेन्सिटिव्हिटी कमी करून फक्त मागच्या पायरीच्या कॅमेऱ्याची नोटिफिकेशन ठेवली. बाबांना ते आवडलेलं नाही. ती पायरी ते आता कॅमेऱ्याकडे बघत, मुद्दाम दणादण उतरतात.

राहता राहिली वीज. लॅनच्या केबलला लावायचा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) मिळतो, पण तो घरच्या अर्थिंगला जोडावा लागतो आणि आमच्या घराच्या अर्थिंगवर माझा काडीचा भरवसा नाही. आणि गेटचा कॅमेरा चाळीस मीटरवर खांबावर, तिथून तांब्याची वायर थेट डीव्हीआरपर्यंत येते, म्हणजे विजेला आमंत्रणच. तूर्त आईला शिकवलंय, गडगडायला लागलं की आधी राऊटर आणि डीव्हीआरचे प्लग, मग मागची लॅनची पिन, मग कॅमेऱ्यांच्या चार, नंबर बघून. पिनेचं जीभेसारखं प्लास्टिक दाबून ओढायचं हे तिला पहिल्याच वेळी जमलं, मला दोन वेळा लागले होते.

परवा, जूनचा पहिला आठवडा, दुपारी चारला ऑफिसात असताना ॲपवर ऑफलाईन आलं. मार्चआधी हे दिसलं असतं तर मी त्या बसवणाऱ्याला फोन लावला असता. आईला लावला. बऱ्याच रिंग गेल्यावर तिने उचलला, मागे ढगांचा आवाज फोनवर पण ऐकू येत होता. म्हणाली, "पिना काढल्यात सगळ्या, बाबा बरे आहेत, आमसुलं वाळत घातल्येत ती आत घेत्ये, मागाहून कर."